खिडकीजवळची जागा

“ती जागा माझी आहे,” चिमी म्हणाली.

खिडकीजवळ बसलेल्या मुलीने मान वर केली. पाठीवर लांबलचक वेणी, पुढ्यात राज्यशास्त्राचा जाडजूड ग्रंथ. “सॉरी ताई, बसा ना,” असं म्हणून ती निमूटपणे पलीकडच्या टेबलावर गेली.

“ताई कशाला?”

“मोठ्या दिसता म्हणून.”

चिमीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंगाने ती इतकी बारीक, की जन्मापासून चिकटलेलं चिमी हे नाव घरात काय, वाचनालयात काय, कुणी सोडलं नव्हतं. आणि ही पोरगी म्हणे ताई!

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी चिमीला बोलावून घेतलं होतं. अकरावीला यंदा राज्यशास्त्राचा प्रगत वर्ग निघणार होता. “त्यात तुझं नाव मी भांडून घातलंय,” त्या म्हणाल्या होत्या. “सुट्टीत नीट तयारी कर. माझं नाक कापू नकोस.”

चिमी हो म्हणून बसली. इतिहासात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण राज्यशास्त्र तिने जन्मभर पास होण्यापुरतंच केलेलं. म्हणून रोज सकाळी डबा घेऊन वाचनालय गाठायचं आणि संध्याकाळी डोकं धरून घरी यायचं, असं सुरू झालं. दादा चिडवायचा, “हे असं आधी वाचलं असतंस तर आज एवढी धाप लागली नसती!” आई त्याला दटावायची आणि चिमीच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची.

एका दुपारी चिमी एकाच पानावर अडून बसली होती. विश्वास गमावलेलं सरकार राजीनामा देतं, मग लगेच खुर्ची का सोडत नाही? तिने वैतागून पुस्तक मिटलं.

“काळजीवाहू सरकार ना?” वेणीवाली पलीकडून म्हणाली. “सोपंय ताई. समजा, आईने जाहीर केलं की उद्यापासून स्वयंपाक बंद. तरी दुसरं कुणी ओट्याशी उभं राहीपर्यंत चहा तिलाच टाकावा लागतो. फक्त त्या काळात ती नवा फ्रिज घ्यायचं ठरवत नाही.”

ग्रंथपालकाका खो खो हसले. “वा! ही पोरगी शिकवायला उभी राहिली तर मीसुद्धा बाकावर येऊन बसेन.”

चिमीही हसली. पण घरी जाताना काकांचं ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारावं तसं विचारलं, “तू कशासाठी वाचतेस एवढं?”

“अकरावीचा प्रगत वर्ग. तुम्हीपण?”

“हो,” चिमी म्हणाली आणि पान उलटलं.

त्यानंतर तिचं वाचनात लक्ष लागेना. वेणीवालीने पान उलटलं की ही आपली उरलेली पानं मोजायची. ती स्वतःशीच हसली की हिला वाटायचं, आपल्यालाच हसली. या पोरीसमोर त्या वर्गात आपली काय शोभा होणार, हे तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. आणि एवढं असून ती पोरगी होती लोण्यासारखी मऊ. स्वतःच्या डब्यातलं अर्धं पुढे करायची. तिचा राग करायलासुद्धा जागा सापडत नव्हती, याचाच चिमीला सगळ्यात जास्त राग येई.

तो जाडजूड ग्रंथ वाचनालयात एकच होता आणि घरी न्यायची परवानगी नव्हती. एका संध्याकाळी वेणीवालीने तो फळीवर जागच्या जागी ठेवला, काकांना अच्छा करून ती गेली. चिमी उठली. ग्रंथ काढला आणि कोपऱ्यातल्या बागकामाच्या पुस्तकांमागे सारून दिला. तिकडे कुणी फिरकत नसे.

सकाळी काकांचा आवाज चढला होता. “काल शेवटी तूच वाचत होतीस. पुस्तकाला काय पाय फुटले?”

“काका, मी जागेवर ठेवलं होतं. खरंच.” वेणीवाली वळली. “ताई, तुम्ही होतात ना? ठेवताना बघितलंत ना मला?”

चिमीने पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

“माझं लक्ष नव्हतं.”

वेणीवाली क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. डोळे भरून आले, पण रडली नाही. “पुस्तक आणशील तेव्हाच इथे पाय ठेव,” काका म्हणाले. तिने डबा पिशवीत टाकला आणि ती जिना उतरून गेली.

खरं सांगून टाकावं असं चिमीला वाटलं. उठून ती काकांच्या टेबलापर्यंत गेलीही. तिथे जाऊन तिने पंखा जोरात करायला सांगितलं आणि परत आली.

मग उरलेली सुट्टी बागकामाच्या कोपऱ्यात बसून तिने तो ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचला. आता कुणी हसत नव्हतं, कुणी मधेच समजावून सांगत नव्हतं. विषय हळूहळू उलगडला. पुढे पुढे तर आवडायलाही लागला.

शाळा सुरू झाली त्या दिवशी आईने तिचे कपडे कडक इस्त्री करून ठेवले होते. दादाने न चिडवता फाटकापर्यंत सोडलं. वर्गाच्या दाराशी चिमीचे पाय अडखळले. आतून कलकलाट ऐकू येत होता. ती पोरगी नसावी, एवढंच तिच्या मनात होतं. वाचनालयात येणं बंद झाल्यावर तिने नाद सोडला असेल. दुसरा विषय घेतला असेल.

ती पहिल्याच बाकावर होती.

चिमीला पाहताच ती आधी गोंधळली, मग ओळखीचं हसली. झालंगेलं विसरल्यासारखी. दप्तर उचलून मांडीवर घेतलं, सरकून शेजारी जागा केली आणि हळूच म्हणाली, “ताई, इथे बसा ना.”

चिमीने तिच्याकडे न बघता बाक ओलांडला. फळ्याखालचा खडू उचलला आणि वळली.

कलकलाट थांबला. बाक करकरले, सगळा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, “नमस्ते, बाई!”