थंडं कपाट

"जाळ बाहेर आला होता का?" विम्याच्या साहेबांनी विचारलं.

"येऊच देला नाही, साहेब!" इंद्रभान छाती पुढं काढून म्हणाला. "धूर दिसला तसं आधी बटन बंद केलं, मंग ओलं पोतं टाकलं. दोन मिन्टं उशीर झाला असता तं ह्या फळ्याच पेटल्या असत्या. अन् फळ्याच्या पल्याड वामनरावाचा कापूस हाये."

साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. इंद्रभानला वाटलं, चला, आपलं चांगलंच लिहिलं जातंय. भोळा कुठला! हॉटेलच्या भट्टीपाशी उभी असलेली त्याची बायको सिंधूबाई मात्र त्या चालत्या पेनाकडे पाहून मनातल्या मनात म्हणत होती, आता गप बसा हो.

साहेब अकोल्याहून सकाळच्या मोटारीनं डोणगावला आले होते ते या जळालेल्या फ्रिजसाठीच. गावात त्याला थंडं कपाट म्हणत. दोन दुभत्या म्हशी विकून इंद्रभाननं ते आणलं आणि बापजन्मी झालं नव्हतं ते झालं. धम्म घेऊन सहा वर्षं झाली तरी गावातले कास्तकार त्याच्या हॉटेलची पायरी चढत नव्हते. कपाट आलं आणि वैशाखाच्या उन्हात एकेक जण लस्सीसाठी बाकावर टेकू लागला. पहिल्या दिवशी वामनरावच ग्लास तोंडाला लावून म्हणाले होते, "थंड्याले कुठं इटाळ असते बे!" सगळे हसले. इंद्रभानही हसला. त्या दिवशी आनंदानं त्याला जेवण गेलं नाही.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग काही मिळायचं नाही. विमा आगीचा आहे. फ्रिजची मोटार आतल्या आत जळाली, तर तो बिघाड. आग बाहेर पसरून दुसरं काही पेटलं असतं, तर गोष्ट वेगळी."

"पण जळालीच ना, साहेब? एजंटानं सांगतलं होतं, काही बी जळालं तं भरून भेटते. हुंगून पाहा, अजून जळका वास येऊन राह्यला."

"वास येतोय. पण ती आग नव्हे."

इंद्रभान खाली बसला. जळालं, पण आग नव्हे. जन्मभर मराठी बोलला, हा फरक त्याला कोणी सांगितला नव्हता. एजंटाला तरी काय शिव्या द्यायच्या, तोही डोणगावचाच; त्याला तरी हा फरक कुठून ठाऊक असणार. मिस्त्री म्हणाला होता, नवी मोटार बसवायची तर अजून एका म्हशीचे पैसे लागतील. गोठ्यात आता नुसते खुंटे होते.

पंच म्हणून बोलावलेले वामनराव इतका वेळ उंबऱ्याबाहेर छत्री घेऊन उभे होते. साहेबांनी कागद त्यांच्यापुढं धरला.

"लिहिलंय ते बरोबर आहे ना?"

"सोळा आणे," वामनराव म्हणाले. "जाळ नव्हता. यानं पोतं टाकलं म्हणून माहा कापूस वाचला. नाहीतं राख झाली असती माही." त्यांनी बाहेरूनच दाराच्या फळीवर कागद टेकवून सही केली आणि मान वर करून म्हणाले, "लई उपकार झाले बावा तुह्ये, इंद्रभान."

खरंच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"उपकार कशाचे, मालक. या, बसा. चहा तं घ्या."

सिंधूबाईनं तोवर दोन कप बाकावर आणून ठेवलेच होते. साहेबांनी आपला कप उभ्याउभ्याच संपवला, मोटारीची वेळ झाली म्हणाले आणि निघून गेले. वामनरावांनी कपाकडे पाहिलं. मग बंद कपाटाकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "घरूनच पेऊन निघालो."

ते छत्री उघडून रस्त्यापलीकडे गेले आणि शेषरावाच्या हॉटेलात सावलीला बसले. शेषरावानं त्यांना न विचारताच चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतून फुंकर मारत घेतला. इथून सगळं दिसत होतं.

इंद्रभान उठला नाही. चहा तसाच होता, वर साय धरली होती. बऱ्याच वेळानं सिंधूबाई कप उचलायला आली. तिनं कपाला बोट लावून पाहिलं.

"थंडा झाला पाहा," ती नवऱ्याला म्हणाली. "इचारा त्याईले, आता तं इटाळ नाही ना."