भुपेंद्रच्या आवाजाची खात्री

"काकू, एवढंच सांगा, हा आवाज तुमच्या मुलाचाच आहे ना?" मुंबईहून जहाज कंपनीची प्रेरणा मॅडम विचारत होती.

रुख्मा केशोरी गावातल्या आपल्या बांधीत, भाताच्या शेतात, चिखलात उभी. हात भरलेले, म्हणून फोन नवऱ्याने, बकारामने धरलेला. स्पीकर चालू. भाताची रोवणी बिचारी अडून बसली.

भानगड अशी होती. त्यांचा भुपेंद्र तेलाच्या जहाजावर वीज आणि कॉम्प्युटर सांभाळतो. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं. जहाजाच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरू नयेत म्हणून कंपनीने एआयचा पहारा बसवलेला. आणि आज कंपनीला भुपेंद्रचाच फोन, की एआय बिघडलाय, थोडा वेळ बंद करा.

"आवाज त्याचाच, असं मशीन म्हणतंय," प्रेरणा म्हणाली. "पण हल्ली आवाजाची नक्कल हुबेहूब होते. नंबरही खोटा दाखवतात. कॅप्टन किनाऱ्यावर गेलेत, लागत नाहीत. पहारा उठला आणि हा चोर निघाला, तर इंजिन, सुकाणू सगळं त्याच्या हातात. वीस-बावीस जण आहेत जहाजावर, काकू."

"आपलाच पोरगा आपल्याले ओळखाले लावून राहिले," बकाराम पुटपुटला. "काय जमाना आला, बापा!"

प्रेरणाने थांबवून ठेवलेली त्याची लाइन जोडली.

"माय, मी बोलून राहिलो. लवकर हो म्हन."

"आपल्या बैलाचं नाव काय?"

"धवऱ्या."

"लहानपनी कुठं हरवला होता?"

"प्रतापगडच्या जत्रेत. बिसराम मामानं शोधलं."

बकारामचा चेहरा खुलला. "आपलाच होय तो! सांग ना वो!"

रुख्माने डोळे वटारले. तो गप्प झाला.

"बाबू, हे बंद कराले तुले कोनं सांगतलं?"

  "को... कोनी नाही, माय."

रुख्मा फोनच्या जवळ सरकली. 

"मॅडम, हा माया पोरगा नाही."

"पण उत्तरं तर सगळी बरोबर दिली!"

"म्हनूनच तं! माया भुपेंद्रले एवढं इचारलं असतं, तं खेकसला असता, कायले डोस्कं खाऊन राहिली म्हनून. हा पोपटावानी बोलून राहिला. नकली होय. पहारा बंद नोका करू."

"माय!" आवाज ओरडला.

प्रेरणाने त्याची लाइन तोडली. "बाप रे, थोडक्यात वाचलो! पहारा चालूच ठेवते, काकू. भुपेंद्रलाही कळवते, की कोणीतरी तुझ्या आवाजाची नक्कल केली, सावध राहा."

फोन बंद झाला. बकाराम चोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. "माया पोराचा आवाज चोरते, मेले!"

रुख्माने बांधीच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले, त्याच्याकडून फोन घेतला आणि पार दूरच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, गेली. भुपेंद्रचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"घरी ये, बाबू," ती म्हणाली.  "पुन्हा कोन्या जहाजावर चढला तं याद राख, मॅडमले सांगून टाकीन, का तो तूच होता, चोराईले मिळालेला म्हनून."