लांबची लेन्स

पहिलाच डीएसएलआर कॅमेरा घ्यायला नवरा-बायको दुकानात आले ते घामाघूम होऊन. दोन तासांवर मुलीचं लग्न होतं आणि तिचा एक तरी स्पष्ट फोटो बापाला स्वतःच्या हातानं काढायचा होता.

"लग्नाला ही छोटी लेन्स आणि फ्लॅश पुरे, काका," दुकानदार म्हणाला.

"फ्लॅश नको. सगळ्यात लांबचं दिसेल ती लेन्स दे. आणि स्टँडही दे."

"अहो, ती पक्षी टिपायला! मुलीचे आईबाप तुम्ही, पहिल्या रांगेत बसणार!"

काकूंनी काकांची बाही घट्ट धरली. "सांगून टाका त्याला एकदाचं."



"हॉलसमोरच्या गच्चीवरून काढायचाय, बाबा," काका म्हणाले. " पोरीनं शेजाऱ्यांना पत्रिका दिली, आम्हाला नाही."