खुर्चीवरची रजई

“आणखी जरा डावीकडून फिरव बघू,” मावशी म्हणाल्या.

मॉडेलवाल्याने माउस सरकवला. पडद्यावर मावशींची मागची खोली फिरली, सगळी ठिपक्याठिपक्यांची. खिडकी, खिडकीकडे तोंड केलेली उंच पाठीची खुर्ची, तिच्यावर रजई आणि वर कानटोपी.

इमारत जुनी, भिंती गारठलेल्या. त्यांना आतून अस्तर लावायचं, तर आधी अख्खी इमारत संगणकात उभी करायची, म्हणून मागच्या थंडीत तो स्कॅनचं यंत्र घेऊन घरोघर फिरला होता. मावशींनी दार उघडतानाच तोंडावर बोट ठेवलं. शेजारी दुपारचे झोपले असतील, असं समजून त्याने खोलीच्या दारातच यंत्र लावलं आणि बाहेर थांबला.

आता पुन्हा थंडी तोंडावर आलेली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, अडून बसल्या त्या एकट्या मावशी. त्यांच्या सहीशिवाय काम सुरू होईना. खालच्या मजल्यावरचं तान्हं पोर गेल्या हिवाळ्यात गारठ्याने मरता मरता वाचलं होतं. साहेब रोज मॉडेलवाल्याचंच डोकं खात.

मावशी मात्र दर आठवड्याला ऑफिसात हजर. “भिंत किती जाड होईल रे? कपाट मावेल ना?” विचारायचं एक आणि बघायचं भलतीकडेच!

“म्हातारीला फुकटचा सिनेमा मिळालाय,” तो म्हणायचा, आणि ऑफिस हसायचं.

मग एकदा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खुर्चीपलीकडची भिंत दिसतच नाही, तर बिचारीने विश्वास ठेवावा कसा? माणूस असला की हलतो, ठिपके विस्कटतात. इथे रजईची घडी न् घडी उमटली होती. यंत्रातल्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातही ती भिंतीसारखीच निळी, गार. म्हणजे नुसती अडगळ! त्याने सुट्टीचा दिवस घालवून सगळं पुसलं, भिंत भरून काढली आणि जागा अडते म्हणून मूळ स्कॅनही उडवला.

“मावशी, आज गंमत बघा,” त्याने खोली उघडली.

मावशी बघतच राहिल्या. “खुर्ची कुठाय?”

“काढली. तो रजईचा ढीगही काढला. कशी मोकळी दिसतेय भिंत!”

“परत आणता येईल?”

“छे हो! मुळासकट साफ केलंय.”

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागद पुढे ओढून सही केली. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत त्याने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

“तुझी काही चूक नाही रे बाळा,” मावशी उठल्या. “त्या दिवशी तुला हळू ये म्हणून खुणावलं, ते ह्यांचा डोळा लागलाय असं वाटलं म्हणून. तू गेल्यावर चहाला उठवायला गेले. रजईत हात घातला, तर सगळं गार.”