खालची खोली

सुमिएला जपानमधल्या निक्कोच्या देवळाजवळचं जुन्या वळणाचं, चटयांच्या खोल्यांचं अतिथिगृह हवं होतं. लेक कानोको मोबाइलवर फोटो दाखवत होती आणि सुमिए एकेक नापास करत होती.

"आई, ही वरची खोली घे. उत्सवाची पालखी काय सुंदर दिसेल!"

"रस्त्यालगतची, खालची बघ."

"गुडघ्यांमुळे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? वरून देवाकडे बघत नाहीत."

"अगं, पण बाबांचं सुतक आहे! पन्नास दिवस देवळाच्या कमानीखालून जायचं नसतं."

"मी कुठे जातेय? तोच येणार आहे ना दारावरून?"

"एवढा कसला हट्ट?"

"चाळीस वर्षं तुझ्या बाबांनी दर उत्सवाला तिथे जाऊन त्याला खांद्यावर मिरवलं. यंदा एक खांदा का कमी आहे, ते त्याला कुणीतरी सांगायला नको?"