खोटं गिऱ्हाईक

पंधरा मिनिटं झाली तरी सेल्समनने गाडी चालवून बघायला सुचवलं नव्हतं. सुनयनाने मनातल्या मनात दहा गुण कापले.

तुर्भ्याच्या त्या शोरूममध्ये ती गाडी घ्यायला आलीच नव्हती. गिऱ्हाईक बनून जायचं, सेल्समनला जोखायचं आणि अहवाल द्यायचा, हे तिचं काम. तिची सल्लागार कंपनी हे अहवाल गाड्या बनवणाऱ्यांना पुरवायची. बेलापूरच्या एका खोलीत सुरू झालेली ही कंपनी आता बँकॉक, जकार्तापर्यंत पोचली होती. “आमचा अहवाल डोळे झाकून घ्या,” असं मालक विश्वजितसर सांगत आणि लोक घेतही.

सुनयना मात्र सहा वर्षं कंत्राटावरच. हा अहवाल दिला की सोमवारी तिला कायम करायचं ठरलं होतं. नवऱ्याचा कारखाना दिवाळीपासून बंद होता आणि घर तिच्या एकटीवर चाललं होतं. ही नोकरी तिला हवीच होती.

सेल्समनच्या छातीवर ‘मानसिंग’ अशी पट्टी होती, तीही वाकडी. पन्नाशीचा माणूस. पाणी आणायला उठला तो भलत्याच दारात शिरला आणि ओशाळून परत आला. एअरबॅग किती, हेही त्याला सांगता येईना.

“नवीन आहात का?”

“न्हाई ओ ताई, बारा वर्सं झाली. पन डोकं ठिकानावर न्हाई. या महिन्यात तपासनी हाय म्हनं. नापास झालो की घरी बसवनार. लेक बारावीला हाय.”

सुनयनाने हातातलं माहितीपत्रक मिटलं. गेल्या वर्षी तिच्याच अहवालाने पनवेलच्या एका सेल्सवालीची नोकरी गेली होती. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन ती शोरूमच्या पायरीवर बसून राहिली होती. सुनयना तेव्हा समोरच बसस्टॉपवर उभी होती.

निघताना मानसिंगने तिचा मोबाइल नंबरसुद्धा मागितला नाही. नंबर न मागणारा सेल्समन तिने सहा वर्षांत पाहिला नव्हता. माणूस पार खचलाय, तिला वाटलं. तिचा जीव तुटला.

रिक्षात बसून तिने फोनवर फॉर्म भरला. गाडी चालवून बघायला सुचवलं? होय. माहिती बरोबर दिली? होय. नंबर मागितला? होय. सहा वर्षांतलं हे तिचं पहिलं खोटं. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

सोमवारी ती ठेवणीतली साडी नेसून बेलापूरला गेली. निघताना नवऱ्याने तिच्या हातावर साखर ठेवली होती.

विश्वजितसरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “बसा. कामाचा पसारा वाढलाय, म्हणून अहवाल तपासायला एक अनुभवी माणूस घेतलाय. कुणाला कायम करायच्या आधी ते स्वतः पारख करतात.”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून एकजण उठला. त्याच्या हातात तिने भरलेला फॉर्म होता.

“सुनयनाताई,” मानसिंगने शांतपणे विचारलं, “मी तुमचा नंबर मागितला होता का?”