उसनं चित्त

शेअर बाजार उघडायच्या आधी श्रीरंगने पट्टा आत्याच्या मनगटावर बांधला. मन थाऱ्यावर नसलं की पट्टा लाल व्हायचा आणि सौदा अडायचा. बाजाराचा आता तसा नियमच होता. श्रीरंगच्या हातावर तो महिनाभर लालच राहिला होता. आत्या मात्र तांदूळ निवडायला बसली की अगदी निवांत. हा बीपीचा पट्टा आहे, असं त्याने तिला सांगितलं होतं.

आज त्याच्या शेअरचा भाव कोसळू लागला. ताबडतोब विकायला हवं होतं. नेमक्या तेव्हाच शेजारच्या कर्णिकबाई आल्या.

"भाचा रोज माझं बीपी बघतो हो," आत्या त्यांना म्हणाली. "पोटच्या पोरांनी कधी विचारलं नाही." तिचे डोळे भरून आले. पट्टा लाल झाला.

"आत्या, रडू नकोस! आधी शांत हो!" श्रीरंग ओरडला.

"बघा, किती जीव टाकतो!" कर्णिकबाई म्हणाल्या.

भाव खाली जातच होता. श्रीरंगची मान मात्र वर होईना. आत्याने त्याचा हात हातात घेतला.

"अरे, केवढा कापतोयस! माझं राहू दे," म्हणत तिने पट्टा सोडला आणि त्याच्या मनगटाला बांधायला घेतला. "आधी तुझं बघू."